त्सुरायुकीच्या दोन कविता, एक पान: इशियामा-गिरेच्या पद्धतीने कागद करून त्यावर लिहिण्याच्या नोंदी

14 एप्रिल 2024, निशिकासाई, तोक्यो

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी हेच करायला घेतलं तर सुरुवात कुठून झाली ते कळेल. जपानच्या हेइआन काळातल्या (आठव्या शतकाच्या शेवटापासून बाराव्या शतकापर्यंत) कवितांच्या वहीचं एक पान, साधारण 20 सेंटीमीटर उंच आणि 16 रुंद, कागदाच्या सजावटीपासून अक्षरापर्यंत सगळं घरी करायचं.

नमुना डोळ्यासमोर आहे तो इशियामा-गिरेचा. क्योतोच्या निशी होंगानजी मंदिरात छत्तीस कवींच्या संग्रहांचा एक संच आहे, साधारण 1112 सालचा, निवृत्त सम्राट शिराकावांच्या साठीनिमित्त केला असं मानतात. वीसेक जणांनी मिळून तो लिहिला. 1549 मधे सम्राट गो-नारांनी तो होंगानजीला दिला, नंतर तो तिथल्या कोठारात पडून राहिला आणि 1896 मधे परत सापडला. 1929 मधे त्यातले दोन खंड, इसे या कवयित्रीचा संग्रह आणि कवी कि नो त्सुरायुकीच्या संग्रहाचा दुसरा खंड, पानं सुटी करून विकले, शिक्षणसंस्थेसाठी पैसा उभा करायचा होता म्हणून. संच मिळाला तेव्हा होंगानजी ओसाकाच्या इशियामात होतं म्हणून त्या सुट्या पानांना हे नाव, गिरे म्हणजे तुकडे. वही फुटली याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण पानं ठिकठिकाणच्या म्युझियममधे गेली म्हणूनच माझ्यासारखीला एखादं पान हातभर अंतरावरून बघायला मिळतं हेही तितकंच खरं.

त्सुरायुकीच्या खंडाचं अक्षर फुजिवारा नो सादानोबुचं आहे. वेगवान हात, ओळ थोडी उजवीकडे चढल्यासारखी. याच माणसाने पुढे बौद्ध ग्रंथांचा अख्खा संग्रह एकट्याने 23 वर्षं खपून लिहून काढला, 1151 मधे पुरा केला. त्याचा हात बघून माझी कानाची (म्हणजे जपानी अक्षरमालेची) प्रॅक्टिस काही वर्षं चालू आहे, पण आजवर सगळी बाजारच्या कागदावर. कागद आपण करायचा ही पहिलीच वेळ.

कुठल्याही एका पानाची हुबेहूब नक्कल मी करणार नाहीये. पद्धत तीच ठेवायची, पान आपलं. कविता त्सुरायुकीच्याच, कोकिनशू या जुन्या कवितासंग्रहातल्या 2 आणि 89 क्रमांकाच्या. पहिलीत उन्हाळ्यात बाह्या भिजवून ओंजळीत घेतलेलं पाणी थंडीत गोठलंय आणि आज वसंत लागला, तर आजचा वारा ते वितळवत असेल का, असं आहे. दुसरीत चेरीचा बहर उडवून वारा निघून गेलाय आणि मागे पाणी नसलेल्या आकाशात लाटा उठल्यात. दोन्हीत वारा आणि पाणी, म्हणून कागदावर लाटांचा ठसा घ्यायचं ठरवलं.

21 एप्रिल

खरेदी. निहोनबाशीला ओझु वाशीमधे गेले, 1653 पासूनचं कागदाचं दुकान, तिथे कागदाला हात लावून बघता येतो आणि या कामाला ते फार गरजेचं आहे. तोरिनोको घेतला, गाम्पी झुडपाच्या सालीचा. गाम्पीची लागवड नीट होत नाही, साल रानातूनच आणतात, त्यामुळे किंमत चढी. एक मोठा ताव 2800 येन, असे तीन. शिवाय त्यांच्याकडचे कापून उरलेले तुकडे वजनावर मिळाले ते पिशवीभर घेतले, आणि आत्ताच सांगते, पूर्ण प्रकल्पात सगळ्यात उपयोगाची खरेदी ही ठरणार आहे कारण टेस्ट कागदावरच होते, डोक्यात नाही.

बाकी शिंपल्यांची पांढरी भुकटी (गोफुन), अभ्रकाची पूड, सरसाच्या कांड्या, फुनोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा चिकट पदार्थ, निळीचा रंग, चांदीची पूड. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास. तुरटी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधे, वांग्याच्या लोणच्याला लागते म्हणून मसाल्यांच्या रॅकवर असते, 200 येन.

4 मे

गोल्डन वीक, सलग सुट्टी. निळा कागद करायला घेतला. ट्रेमधे निळीचं पाणी करून तुकडा बुडवला. गाम्पी ओला झाला की आक्रसतो आणि वाळताना अशा सुरकुत्या धरतो की इस्त्रीनेही जात नाहीत, हे वाचलेलं होतं पण किती ते बघितलं नव्हतं. तुकडा वाळला तो द्रोणासारखा होऊन.

दुसरी अडचण जास्त मोठी. बुडवून रंगवलेला तुकडा फाडून बघितला तर फाटलेली कडासुद्धा निळीच. मला हवी होती ती कडा पांढरी, तंतू दिसणारी, कारण या पानांची खरी गंमत तिथेच आहे, दोन रंगांचे कागद फाडून जोडतात (याबुरी-त्सुगि) आणि फाटलेल्या कडेची पांढरी झिरमिळ रेघ दोघांच्या मधून वाहत जाते. त्यासाठी रंग फक्त वरच्या अंगाला बसला पाहिजे, आत कागद पांढराच राहिला पाहिजे.

म्हणून बुडवणं बंद. रुंद मऊ ब्रशने, रंगात अगदी थोडा सरस घालून, एकाच दिशेने हात मारायचा आणि ताव ओला असतानाच चारी कडांना खळ लावून प्लायवुडवर ताणून चिकटवायचा. इथले कारागीर यासाठी खास फळ्या वापरतात, काकी फळाचा रस चढवलेल्या, माझ्याकडे प्लायवुडला दोन हात वॉर्निश. चाललं. सकाळी ताव ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला होता, फाडल्यावर कड पांढरी.

6 मे

सरस-तुरटीचं पाणी. हे कागदावर मारलं की शाई पसरत नाही. प्रमाण 1 लिटर पाण्याला 15 ग्रॅम सरस आणि 5 ग्रॅम तुरटी असं धरलं होतं. सरस रात्रभर भिजवून, भांड्यात भांडं ठेवून मंद गरम केला (उकळू द्यायचा नाही, ताकद जाते), कोमट झाल्यावर तुरटी घातली. तुकड्यांवर मारून वाळवले आणि खिडकीशी नेले तर सगळ्या कागदावर बारीक चमचम, बोटाला खरखरीत लागणारी.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. लोणच्याची तुरटी ही भाजलेली तुरटी असते, तिच्यातलं पाणी उडालेलं. त्यामुळे वजनाला जवळजवळ दुप्पट जोर. प्रमाणं सगळी साध्या खड्याच्या तुरटीची असतात. म्हणजे माझ्या पाण्यात तुरटी दुप्पट पडली आणि जास्तीची कागदावर स्फटिक होऊन बसली. चमचमीपेक्षाही वाईट म्हणजे जास्त तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि वर्षांनी ठिसूळ पडतो. सुपरमार्केटची वापरणार असाल तर निम्मीच घाला. नवीन पाणी अडीच ग्रॅमचं केलं, कागद शांत राहिला, शाईची रेघ कडेला फुटली नाही.

2 जून

आता पांढरा लेप. कागदावर गोफुनचा थर, त्यावर अभ्रकाचा ठसा. हाच थर शाई कशी बसणार ते ठरवतो म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भुकटी आधी खलात कोरडीच घोटायची, गुठळी राहता कामा नये. मग सरसाचं दाट पाणी थेंबाथेंबाने घालून मळायची, भाकरीच्या पिठासारखी, तडा जाणार नाही इतपत. तो गोळा चिनी मातीच्या ताटलीवर पुन्हापुन्हा आपटायचा, जोरात, बराच वेळ. आपटल्याने सरस प्रत्येक कणापर्यंत पोचतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी येऊन चौकशी केली, त्यांना गोळा दाखवला तर खूश झाल्या, म्हणाल्या माझी आई बाहुल्यांना हेच लावायची. नंतर गोळ्यावर कोमट पाणी, कडवटपणा आणि जास्तीचा सरस निघून जातो, मग पाणी घालत दुधाइतकं पातळ करायचं.

सरस किती, हा सगळा प्रश्न. कमी पडला तर वाळल्यावर थर बोटाला लागतो आणि लिहिताना ब्रशच्या टोकात पांढरं चढतं, शाई राखाडी होते. जास्त झाला तर थर काचेसारखा, शाईचे थेंब होतात, कागद जरा वाकवला की बारीक तडे. माझे पहिले तुकडे अर्धे या बाजूचे, अर्धे त्या बाजूचे. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने प्रमाण लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. शेवटी जमलं ते असं: 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम सरस, मळायला हेच द्रावण, आणि पातळ करताना या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे दोन.

तपासायची पद्धत सेन्सेईंनी सांगितली (कानाच्या क्लासच्या आमच्या बाई, वय ऐंशीच्या घरात). काळ्या कापडाची चिंधी थरावरून एकदा हलकी फिरवायची, चिंधीवर धूर बसल्याइतकं पांढरं आलं तर चालेल, रेघ उमटली तर सरस कमी, काहीच आलं नाही तर जास्त.

30 जून

पावसाळा बसलाय आणि काम बंद. तोक्योचा त्सुयु म्हणजे आपल्याकडच्या कोकणातल्या जुलैची आठवण, भिंतीसुद्धा घामेजतात. फ्रीजबाहेर राहिलेल्या सरसाला दोन दिवसांत वास, खळीवर हिरवी बुरशी, फळीवर ताणलेला ताव संध्याकाळपर्यंत सैल. लेप दिलेले दोन चांगले ताव गेले, थर वाळायच्या आत आतून सरस कुजला आणि पिवळे डाग आले. म्हणजे 5600 येन आणि जूनचे सगळे वीकेंड. जुने कारागीर हे काम थंडीच्या कोरड्या दिवसांवर ठेवायचे ते उगाच नाही. ऑक्टोबरपर्यंत ओलं काही करायचं नाही.

11 ऑगस्ट

उन्हाळ्यात कोरडी कामं. लाटांचा ठसा कोरला. लाकूड होओनोकी, जपानी मॅग्नोलिया, क्योतोतले काराकामीचे (ठशाने नक्षी छापलेल्या कागदाचे) ठसे याच लाकडाचे असतात, मऊ आणि एकसारखं. क्योतोत 1624 पासून चालत आलेलं काराचो घराणं आहे, त्यांच्याकडे 600 हून जास्त जुने ठसे आहेत, त्यांच्या छापाचे फोटो समोर ठेवून कोरताना एक गोष्ट लक्षात आली की उठावाच्या रेघा आपल्याला वाटतात त्यापेक्षा जाड ठेवाव्या लागतात. बारीक रेघ कोरायला छान वाटते पण अभ्रकाचं मिश्रण दाट असतं, रेघांच्या मधली खाच बुजते. पहिला ठसा म्हणून बाजूला. दुसऱ्यात खाच रुंद आणि खोल.

रोज सकाळी ऑफिसच्या आधी लिखाण. ज्यांनी मोडी गिरवलीय त्यांना हात न उचलता पुढच्या अक्षरात जाणं नवीन नाही, पण मोडीत आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकतात. इथे तसा आधार कुठलाच नाही. ओळ वरून खाली, तिचा कणा डोळ्यांनी धरायचा आणि प्रत्येक अक्षर त्या कण्याच्या थोडं डावी-उजवीकडे झुलवायचं. शिवाय एका आवाजाची तीन-चार रूपं. 1900 मधे शाळांसाठी एका आवाजाला एक अक्षर ठरलं, त्याआधी लिहिणारा जागा बघून रूप निवडायचा. 'नो' दोनदा जवळजवळ आला तर दुसऱ्या वेळी वेगळा. कुठे कुठलं रूप येणार त्याचा कच्चा आराखडा पातळ कागदावर करून ठेवला, चार उभ्या ओळी, प्रत्येक कवितेला दोन.

13 ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. नवीन ताव घेतले, या वेळी दोन. लेप दिला, दोन पातळ हात, एक आडवा एक उभा, वाळल्यावर चिंधीची परीक्षा पास. मग घोटलं. पूर्वी रानडुकराच्या सुळ्याने घोटायचे, माझ्याकडे अकीकाचं घोटणं आहे, मधे गुळगुळीत बटर पेपर ठेवून हलक्या हाताने गोल गोल. थेट थरावर घोटलं तर तुकड्यावर लोखंडी झाक आली होती, म्हणून बटर पेपर.

दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागदाला खळ देऊन घोटायची पद्धत होती ते मी लहानपणी सहलीत ऐकलं होतं. काम तेच, वरचा पृष्ठभाग बंद करायचा म्हणजे लेखणी अडत नाही.

27 ऑक्टोबर

अभ्रकाचा ठसा. फुनोरी भिजवून, शिजवून, कापडातून गाळून घेतली, त्यात अभ्रक आणि जरासा सरस. ब्रशने थेट ठशावर लावलं की एका जागी जास्त, एका जागी कमी, आणि दाबलं की कडेने बाहेर येतं. उपाय जुनाच आहे, मी आधी आळस केला होता: गोल कड्यावर सैल मलमल ताणायची, ब्रशने मलमलीला मिश्रण लावायचं, आणि ती मलमल ठशावर हलकेच टेकवत न्यायची. ठशाला तेवढंच लागतं जेवढं मलमल देते. मग कागद ठशावर पालथा टाकायचा आणि वरून फक्त तळहात फिरवायचा. लाकडी ठशाच्या चित्रांना कागद दाबायला वापरतात ती चकती, बारेन, इथे वापरू नका, दाब जास्त होतो आणि लाटांच्या कडा चिरडतात. तळहाताने केलेला छाप किंचित फुगीर, कडेला मऊ.

वाळल्यावर टेबलावर समोरून बघितलं तर काहीच दिसेना. कोरा पांढरट कागद. मला वाटलं अभ्रक कमी पडलं. मग ताव उचलून खिडकीकडे तिरका केला आणि सगळ्या लाटा एकदम पेटल्यासारख्या वर आल्या. परत सरळ केला, गेल्या.

त्यावर नमुन्याच्या अक्षराचा एक तुकडा ठेवून बराच वेळ हेच करत बसले. सरळ धरलं की अक्षर पुढे आणि लाटा गायब, तिरकं धरलं की लाटा पुढे आणि शाई मागे सरते. ही वही बैठकीवर बसून, बाजूने येणाऱ्या उजेडात, हातात धरून पानं उलटत वाचायची होती. पान हलत असणार, म्हणजे वाचणाऱ्याच्या हाताबरोबर सजावट येत-जात असणार. म्युझियममधे वरून पडणाऱ्या एकसारख्या प्रकाशात आणि छापील प्रतिकृतीत हे कळायला वावच नाही. कागद स्वतः करायचा की विकत घ्यायचा असा प्रश्न कोणाला असेल तर माझं उत्तर हे आहे.

4 नोव्हेंबर

फाडणं आणि जोडणं. निळा, लाटांचा पांढरट, आणि एक चहाच्या रंगाचा पट्टा. फाडायची रेघ आधी ओल्या बारीक ब्रशने ओढायची, पाणी मुरलं की दोन्ही बाजूंनी हळू ओढायचं, मग तंतू लांब निघतात आणि कड पातळ होत जाते. कोरडं फाडलं तर कड जाडच राहते आणि जोडावर पायरी होते.

पहिल्या जोडाला पाच मिलीमीटर एकावर एक घेतलं होतं. मजबूत झाला, पण ब्रश त्यावरून नेला की उडी मारतो. दोन-तीन मिलीमीटर पुरे. खळ गव्हाच्या सत्त्वाची, पाणी घालून ताकाइतकी पातळ, फक्त पट्टीवर. दाट खळीने जोडाच्या दोन्ही बाजूंना कागद आकसला आणि सुरकुती धरली. टिपकागदात ठेवून वर जाडजूड डिक्शनऱ्या, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

मग खरी अडचण. जोडावर शाईची टेस्ट रेघ मारली तर ती पांढऱ्या कडेत शिरून केसाकेसाने पसरली. साहजिक आहे, फाटलेली कड म्हणजे कागदाचा आतला भाग, तिथे ना तुरटीचं पाणी पोचलंय ना लेप. आणि मूळ पानांवर अक्षरं या जोडांवरून खुशाल गेलेली आहेत, कुठे फुटलेली मला दिसली नाहीत. यावर अख्खा आठवडा अडले. शेवटी सगळ्यात बारीक ब्रशने फक्त त्या कडेवर तुरटीचं पाणी, पातळ, दोनदा, मधे पूर्ण वाळवून. तंतू दिसायला पांढरेच राहिले आणि शाई थांबली.

24 नोव्हेंबर

चांदी. जोडकाम झालेल्या पानावर चांदीच्या शाईने बारीक चित्रं असतात, फांद्या, पक्षी, फुलपाखरं, जोड असो नसो त्यावरून जाणारी. मी दोन फांद्या आणि उडणारे तीन पक्षी एवढंच ठरवलं. चांदीची पूड बशीत सरसाच्या थेंबाबरोबर बोटाने घोळायची, मंद गरम करून वाळवायची, परत पाणी घालून घोळायची, म्हणजे नीट धरते.

आज मूळ पानांवर ही चांदी काळपट झालीय. काही जण ती काळपट छटा मुद्दाम आणतात, गंधकाचा धूर देऊन, म्हणजे पान जुनं दिसतं. मला हे पटत नाही. 1112 मधे हे पान हातात घेणाऱ्याला चांदी पांढरी दिसत होती. म्हणजे पानावर काळं असं एकच होतं, अक्षर. आज काचेखालच्या पानात पक्षी आणि अक्षर दोन्ही काळे, नजर दोन्हीकडे ओढली जाते, आणि आपल्याला वाटतं की सजावट जरा जास्तच झालीय. जास्त नव्हती. माझं पान उजळ राहील, जितकी वर्षं राहील तितकी.

व्यवहाराचं: चांदीच्या कामाजवळ रबर बँड ठेवू नका, त्यात गंधक असतं. एका तुकड्याच्या गुंडाळीला लावला होता, आठवडाभरात बरोबर त्या जागी तपकिरी पट्टा.

8 डिसेंबर

सोन्याचा वर्ख. कानाझावाचा, जपानातला जवळजवळ सगळा तिथेच होतो, जाडी मिलीमीटरचा दहाहजारावा भाग. हरणाच्या कातड्याच्या पाटावर ठेवून बांबूच्या सुरीने कापायचा, केसासारख्या सळया आणि बारीक चौकोन. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वर्ख सुरीला चिकटतो, एसी बंद, श्वास रोखून. दोन पानं अशीच हवेत विरली, म्हणजे हजारेक येन. पानाच्या वरच्या कोपऱ्यात थोडंसं शिंपडलं, आणखी टाकायचा मोह झाला पण थांबले, दोन्ही कवितांत वारा आहे, त्याला मोकळी जागा पाहिजे.

12 जानेवारी 2025

शाई. नाराची, तेलाच्या काजळीची कांडी. उरलेल्या जोडतुकड्यांवर लिहून बघितलं. लेपावर सुरेख. अभ्रकाच्या लाटांवर मात्र रेघ मधेच तुटते, शाई सरकून बाजूला होते. मला वाटलं अभ्रकच शाई घेत नाही, पण एकाच लाटेवर एके ठिकाणी बसते आणि दोन बोटं पुढे बसत नाही असं का? बोटांचं तेल. जोडकामात, चांदीकामात हात टेकत होता. मलमलीच्या पुरचुंडीत गोफुनची कोरडी भुकटी बांधून पानावर हलके थोपटली आणि मऊ ब्रशने झाडून काढली, शाई बसायला लागली. तिथून पुढे हाताखाली कायम कागद.

शाई दर वेळी ताजी उगाळायची. आदल्या दिवशीची वापरून बघितली, रेघेच्या कडेला पाण्याची वेगळी किनार सुटते. दाटपणा असा की एकदा बुडवलं की आठ-दहा अक्षरं निघावीत, शेवटची कोरडी.

यातून एक नियोजन सुचलं. भरलेल्या ब्रशने जोड ओलांडला की शाई जोडाच्या पायरीशी साचते आणि वाळल्यावर काळा ठिपका राहतो. ब्रश अर्धा रिकामा असताना ओलांडला तर रेघ स्वच्छ. म्हणून आराखड्यावर कुठे बुडवायचं त्या जागा लाल पेन्सिलीने ठरवल्या, जोडाच्या तीन-चार अक्षरं आधी. सेन्सेईंनी तो बघितला आणि म्हणाल्या ठीक आहे, पण जोडावर हात हळू करू नकोस, लोकांचा हात तिथे भीतीने हळू होतो आणि हळू झाला की शाई खाली उतरते. मग सादानोबुची ओळ परत काढून बघितली. पहिल्या दिवसापासून त्याचा वेग मला स्वभाव वाटत होता. स्वभाव असेलही, पण असल्या कागदावर वेग हीच सोयीची चाल आहे हे आत्ता हाताला कळलं.

2 फेब्रुवारी

उद्या रिश्शुन, पंचांगाप्रमाणे वसंताचा पहिला दिवस, पहिल्या कवितेतला. उद्या ऑफिस आहे म्हणून आजच लिहिलं.

सकाळी उजेड डावीकडून. पान हाताने तिरकं करून लाटा कुठे आहेत ते एकदा बघून घेतलं कारण लिहिताना त्या दिसणार नाहीत. पहिली ओळ सरळ उतरली, निळ्यावरून पांढरटावर जाताना एकसलग. दुसऱ्या ओळीत 'वारा' हा शब्द बरोबर जोडावर आला, आराखड्यात तो दोन अक्षरं वर होता, पण ओळ थोडी लांबली. ब्रशमधे शाई जवळजवळ संपलेली, पांढऱ्या तंतूंवरून रेघ कोरडी गेली, मधे कागद दिसतोय. ती मला पानातली सगळ्यात आवडती जागा वाटते. दुसरी कविता जरा दाटीची झाली, चौथ्या ओळीचा कणा खाली डावीकडे कललाय, 'आकाश' आणि 'लाटा' यांच्यात श्वास घ्यायला जागा पाहिजे होती.

सेन्सेईंना संध्याकाळी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: दुसऱ्या कवितेत 'नि'ची दोन्ही रूपं सारखीच आलीत, बाकी पान हातात घेऊन बघीन.

16 फेब्रुवारी

हिशोब. कागद पाच ताव 14000, रंग-सरस-अभ्रक वगैरे 9000, वर्ख 5500, लाकूड आणि छिन्न्या 6000, किरकोळ 2500. एकूण 37000 येन. यात पावसाळ्यात गेलेले ताव धरलेत. आज परत सुरू केलं तर वीस हजारांत होईल, ऑक्टोबरमधे सुरू केलं तर आणखी कमी.

सेन्सेईंनी पान हातात घेतलं, खिडकीकडे वळल्या, तिरकं केलं, सरळ केलं. मग पालथं करून विचारलं, मागे काय? मागे काहीच नाहीये. मूळ वहीत पानं मधोमध दुमडून फक्त घडीच्या कडेला एकमेकांना चिकटवलेली असतात आणि दोन्ही अंगांना सजावट आणि लिखाण असतं. म्हणजे दोन्ही बाजूंना लेप, आणि एका बाजूचा लेप वाळताना ताव त्या बाजूला वळतो, तो सरळ कसा ठेवायचा हे मला अजून सोडवायचंय. पुढच्या ऑक्टोबरला एकाच दिवशी दोन्ही बाजूंना लेप देऊन, काठांवर टांगून वाळवून बघणार.

तोवर कासाने-त्सुगिची तयारी, म्हणजे गडद ते फिकट अशा पातळ कागदाच्या पट्ट्या थोड्या थोड्या सरकवून एकावर एक चिकटवायच्या, रंग उतरत जातो. निळ्याच्या पाच छटा रंगवून फळीवर ताणल्यात. सगळ्यात फिकट छटेत नीळ ब्रशच्या खुणा दाखवतेय, ती उद्या जास्त पाण्यात परत करायची आहे.